शिक्षक कॉलनीची घंटा

घंटा वाजली तशी आई पोळी तव्यावर टाकून धावली. "गॅस बघ गं," एवढंच मला म्हणाली आणि प्लास्टिकची खुर्ची काखोटीला मारून फाटकाबाहेर गेली. समोरच्या घरातून माळवदे सर शिट्टी फुंकत आले, त्यांच्या मागोमाग रणवरे बाई लोकर-सुयांसकट. बघता बघता कॉलनीच्या रस्त्यावर खुर्च्यांची आडवी ओळ लागली आणि सगळे गुरुजन वर्गाचा फोटो काढायला बसावेत तसे मांडीवर हात ठेवून बसले. त्यांच्या पुढ्यात खडी भरलेला डंपर गुरगुरत उभा होता.

मला खुर्ची उचलायची मनाई होती. सातवा महिना होता आणि मी बाळंतपणाला माहेरी आले होते. पोळी उलटली, गॅस बंद केला आणि व्हरांड्यात येऊन बसले. महिनाभर ही करमणूक मला रोज घरबसल्या मिळत होती.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शिक्षक कॉलनी म्हणजे हायस्कूलच्या मास्तर लोकांनी कर्जं काढून घेतलेले प्लॉट, त्यावर एकासारखी एक घरं, आणि मधून गेलेला एकच रस्ता. तो रस्ता या मंडळींनी स्वतः केला होता. रविवारी धोतर-पायजमे खोचून मुरूम पसरला, गटारं खणली, गटारांवर फरश्या टाकल्या. पुढे नगरपालिकेने त्यावर डांबर ओतलं आणि रस्ता सरकारी झाला. पण मास्तरांच्या मनातून तो कधी सरकारी झालाच नाही.

कॉलनीच्या मागे उसाचं शेत होतं. ते एका बिल्डरने घेतलं, मोठमोठ्या इमारतींचा बोर्ड लागला आणि हमरस्त्यावरून शेताकडे जायला आमच्या दारावरूनच डंपर सुरू झाले. पंधरवड्यात पाण्याचा पाइप फुटला, रणवरे बाईंच्या कुंपणाच्या भिंतीला तडा गेला, नातवंडांचं खेळणं बंद झालं. नगरपालिकेला अर्ज झाले. तिथून उत्तर आलं, रस्ता सार्वजनिक आहे.

"सार्वजनिक आहे, पण त्याला झेपायला नको का?" माझे वडील म्हणाले. वडील म्हणजे बर्गे सर. गणित शिकवायचे आणि निवृत्त होताना पर्यवेक्षक होते. गावात निम्म्या लोकांना त्यांनी छडी मारलेली होती आणि उरलेल्या निम्म्यांना मारायची राहून गेली होती. त्यांनी लाल-निळ्या शाईत वेळापत्रक केलं: कोणत्या तासाला कुणी फाटकापाशी लक्ष ठेवायचं. शाळेत विजेची घंटा आल्यावर अडगळीत पडलेली पितळी घंटा माळवदे सरांनी मागून आणली होती, ती कॉलनीच्या कमानीला टांगली. डंपर दिसला की टोल द्यायचा, सगळ्यांनी खुर्च्या घेऊन यायचं, अर्धा तास गाडी अडवायची आणि मग सोडायची. रोज असा खोळंबा झाला की बिल्डर आपोआप वठणीवर येईल, असं त्यांचं गणित.

तर त्या दुपारी ड्रायव्हर खाली उतरला आणि सरळ येऊन बाबांच्या पाया पडला.

"कोण रे?" बाबांनी चष्मा सारखा केला. "मदने ना तू? नववी ब?"

"व्हय सर. जालिंदर."

मीही ओळखलं. जालिंदर मदने माझ्याच वर्गात होता. नववीत नापास झाला आणि शाळा सोडून गेला. आता अंगाने भरला होता, कानाजवळचे केस पिकले होते, पण हसणं तेच होतं, चूक पकडली गेल्यासारखं. माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्याने लांबूनच मान हलवली. "उज्ज्वलाताई, बरं हाय न्हवं?"

"सतराचा पाढा आला का मग?" बाबांनी विचारलं.

खुर्च्यांवर हशा पिकला. जालिंदर स्वतःच कानाची पाळी धरून म्हणाला, "आजून अडतोय सर." बाबा खुलले. निवृत्त माणसाला जुना विद्यार्थी भेटणं म्हणजे वाळल्या झाडाला पाणी, आणि इथे तर चारचौघांसमोर भेटला होता.

"बरं, आता काय करायचं, मदने?"

"सर, तेवढी खडी टाकून येतो. तुम्ही म्हणाल तेवढा येळ थांबतो की."

"थांबायचं नाही. या रस्त्याला तुझी गाडी झेपत नाही. मागे घे."

जालिंदरने वळून गाडीकडे पाहिलं. मागे रस्ता रणवरे बाईंच्या घरापाशी वळत होता. "सर, आज क्लीनर न्हाई संगं. भरल्याली गाडी हाय, मागचं दिसत न्हाई."

माळवदे सर म्हणाले, "नेहमीसारखी अर्ध्या तासाने सोडू की, बर्गे."

"माळवदे, हा माझा विद्यार्थी आहे," बाबा म्हणाले. मग ते खुर्चीवरून उठले, हात पाठीमागे बांधले आणि त्यांचा वर्गातला आवाज लावला. मोठा नव्हता तो आवाज, उलट हळूच असायचा. घरात तो लागला की आम्ही भावंडं हातातला घास ताटात ठेवायचो. "मदने. मी मागे घे म्हणालो ना?"

"व्हय सर."

तो केबिनमध्ये चढला. तीस-बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण ते 'व्हय सर' नववी ब मधलंच होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचा अभिमान वाटला. इतर मास्तरांना ड्रायव्हर लोक दाद देत नव्हते, माझ्या बाबांच्या एका शब्दावर मात्र एवढं धूड मागे सरकत होतं.

बाबा गाडीच्या पुढे उभे राहून 'जा, जा' असा हात करत होते. मागे बघायला कुणीच नव्हतं. गाडी वळणापर्यंत आली आणि मागचं चाक गटारावरच्या फरशीवर चढलं. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी टाकलेली ती फरशी. आधी ती मोडल्याचा आवाज आला, मग बैल गुडघे टेकतो तसा डंपर हळूच एका अंगावर बसला. सगळी खडी रणवरे बाईंच्या भिंतीवर गेली आणि भिंत आत कोसळली. जालिंदरने दार उघडून उडी मारायला पाहिलं, तेवढ्यात दार भिंतीच्या उरल्या तुकड्यात अडकलं आणि त्याचा उजवा हात मधे सापडला.

रणवरे बाई खुर्चीवर होत्या म्हणून वाचल्या. एरवी त्या वेळी त्या भिंतीलगत फुलं वेचत असत. जालिंदरला चौघांनी बाहेर काढलं. मनगटापासून हात वेडावाकडा झाला होता. आईने त्याला पाणी पाजलं, रणवरे बाईंनी नातवासाठी विणायला घेतलेलं पांढरं स्वेटर त्याच्या हाताला गुंडाळलं. ते लगेच लाल झालं.

बिल्डरचा मुकादम मोटारसायकलवर आला. आधी त्याने गाडीभोवती फेरी मारली, मग जालिंदरपाशी आला. "भरलेली गाडी रिव्हर्स घ्यायला कुणी सांगितलं तुला?"

रस्त्यावर सगळी कॉलनी उभी होती. 'नेहमी खरे बोलावे' हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेली माणसं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

"सांग की. कुणी सांगितलं?"

जालिंदर बाबांकडे बघून म्हणाला, "कुणी न्हाई. माझी मीच घेतली." आणि तो बघतच राहिला, उत्तर बरोबर आलं की नाही हे बघावं तसा.

बाबांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. मी कठड्याला धरून उभी होते. आता बाबा बोलतील, आता बोलतील, असं वाटत होतं. बाबांच्या देखत बाबांच्या आधी बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. मग रिक्षा आली आणि जालिंदरला घेऊन गेली.

पुढचं सगळं आमच्या मनासारखं झालं. पेपरात कलंडलेल्या डंपरचा फोटो आला, खाली मथळा: अरुंद रस्त्यावर अवजड वाहतूक, मोठा अनर्थ टळला. आत लिहिलं होतं, चालकाच्या निष्काळजीपणामुळे. पोलिसांनी जालिंदरवर गुन्हाही नोंदवला. आठवड्याच्या आत नगरपालिकेने कॉलनीच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब पुरले आणि डंपर बंद झाले. रस्त्याला झेपत नाही हे सिद्ध झालं होतं. रणवरे बाईंची भिंत बिल्डरने बांधून दिली, पहिल्यापेक्षा चांगली.

कॉलनीने बाबांचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. माळवदे सरांनी भाषण केलं की, ही कमानीवरची घंटा आता आपल्या विजयाची खूण म्हणून कायम राहील, तिला पॉलिश करू. बाबांना उत्तरादाखल बोलायला उभं केलं. एरवी माईक हातात आला की त्यांना खाली बसवायला चिठ्ठी द्यावी लागायची. त्या दिवशी दोन वाक्यं बोलून ते बसले आणि लोक म्हणाले, भारावले सर.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. आई शेंगा निवडत होती.

"बाबा, तुम्ही म्हणालात त्याला मागे घे म्हणून."

"म्हणालो."

"मग मुकादमाला का नाही सांगितलंत?"

"त्याने मला विचारलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." गणिताच्या मास्तरांनी पळवाटही गणितातल्यासारखी शोधली होती. आईने मान वर न करता शेंग मोडली. "निदान त्याच्या घरी तरी जाऊन या," ती म्हणाली. "हात पार गेलाय म्हणतात त्याचा."

"जाऊ," बाबा म्हणाले. उद्या जाऊ, परवा जाऊ. बाजाराचा दिवस आहे, ऊन आहे, पोट ठीक नाही. शेवटी एका संध्याकाळी माझ्या चपला माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "चल. तुला चालायचंच असतं ना." मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून त्यांनी घरात शोधाशोध केली. देव्हाऱ्यापाशी सत्काराचा नारळ होता, तोच पिशवीत टाकला.

मदनेवस्ती ओढ्यापलीकडे. आमच्या गच्चीतून तिचे पत्रे दिसायचे, पण मी तिकडे कधी गेले नव्हते. ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला आणि बाबा थांबले. पुढून ओळखीची गुरगुर येत होती.

वस्तीतून एकच बोळ होता, आमच्या रस्त्याच्या निम्माही नाही. दोन्ही बाजूंना घरांचे उंबरे थेट बोळात. त्या बोळातून खडीचा डंपर येत होता. बाया दारात उभ्या राहून पोरांच्या मानगुटी धरून होत्या. एकीने हंडा उचलून छातीशी घेतला. चाक उंबऱ्याला घासून गेलं आणि मागे सगळ्या उंबऱ्यांवर-भांड्यांवर पांढरी धूळ बसली. डंपरच्या पुढे उलट्या पावलांनी एक माणूस चालत होता. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला आणि डाव्या हातात लाल फडकं होतं.

गाडी पुढे घालवून जालिंदर आमच्याकडे आला आणि डाव्या हाताने बाबांच्या पायांना शिवला. "सर, तुम्ही कशाला आला? निरोप धाडायचा, मी आलो असतो की."

"इथून... इथून गाड्या?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडनं बंद झालं न्हवं का सर. मग हिकडनं काढलं. शेताला तिसरा रस्ता हाय कुठं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट शोधला. असता तर बरं वाटलं असतं.

"आणि तू?"

"गाडीवरनं काढलं मला. पर मुकादम म्हणला, वस्ती तुझीच हाय, तुझं ऐकतील. गाड्या फुडं घ्यायला ऱ्हा हुबा. एका हातानं बी जमतंय."

"तुम्ही अर्ज केला नाही का? अडवायचं होतं."

जालिंदर हसला. "कुणी आडवायचं सर? निम्मी वस्ती त्याच कामावर जाती."

त्याच्या आईने दारात बाज टाकली. "बसा सर. ल्योक लई नाव काढतो तुमचं. ही लेक व्हय? पयलं हाय का गं बाय?" आम्ही बसलो आणि लगेच उठलो, कारण दुसरी गाडी आली आणि बाज बोळात होती. म्हातारीने बाज उचलून भिंतीला टेकवली, गाडी गेल्यावर पुन्हा टाकली. चहा आला तेव्हा पुन्हा तेच. कपावर पदर धरून ती उभी राहिली. आम्ही चहा संपवेपर्यंत तिने धुळीवर एक अक्षर काढलं नाही. पाहुण्यापुढे घरचं रडगाणं गायचं नाही, अशी तिची रीत असावी.

निघताना ती म्हणाली, "थांब माय. पोटुशी बाई दारातनं रिकामी धाडू व्हय?" आत जाऊन तिने सुपात गहू आणले, हळदीकुंकू आणलं. नारळ नव्हता. मग तिचं लक्ष बाबांनी आणलेल्या पिशवीकडे गेलं. "बगा, सरांनीच आणलाय. द्यावच पावला." आणि तिने गहू आणि तो नारळ माझ्या ओटीत घातला. बाबांच्या सत्काराचा नारळ. मी पदर पसरून उभी होते आणि मान वर करायची माझी हिंमत नव्हती. कुणी शिव्या घातल्या असत्या तरी इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

बाबा खाकरले. "मदने, मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे. त्या दिवशी मी तुला..."

"नगा सर," जालिंदर घाईने म्हणाला, बाबांनी वाक्य पुरं करू नये म्हणून. "झालं ती झालं. तुम्ही कशाला ठाण्याची पायरी चढता या वयात." मग तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. "सर, एक मागू का?"

"माग." बाबांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"तुमची ती घंटा. आता तुमाला लागत न्हाई न्हवं? गाड्यांचा आवाज रोजचाच झालाय, पोरांच्या कानावर येतच न्हाई. परवा माझं धाकटं चाकाखाली आलं असतं. घंटा वाजली की घरात पळायचं, आन दोन टोल पडलं की भाईर यायचं, आसं शिकवीन म्हणतो. शाळंची सवय हाय पोरास्नी, ऐकतील."

बाबांचा हात खिशातच राहिला. आम्ही परत निघालो. पुलावर मी त्यांचा हात धरायला गेले. पुलाला कठडा नव्हता. त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्या पुढे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाना घेऊन स्टुलावर चढले आणि कमानीवरची घंटा सोडवू लागले. माळवदे सर दात घासतच बाहेर आले. "अहो बर्गे, हे काय? आपल्या विजयाची खूण आहे ती."

"विद्यार्थ्याने मागितली आहे," बाबा म्हणाले आणि घंटा खांद्यावर घेऊन ओढ्याकडे गेले.

पोलीस ठाण्यात मात्र ते गेले नाहीत. एकदा इस्त्रीचे कपडे घालून निघाले होते. खांबांपर्यंत जाऊन परत आले आणि आईला म्हणाले, ऊन फार आहे. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्ही दोघींनीही काढला नाही. जालिंदरवरची केस दोन वर्षं चालली. हात वाकडा तो वाकडाच राहिला.

घंटेचा आवाज ओढा ओलांडून स्वच्छ यायचा. सकाळी सुरू व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. माळवदे सर म्हणाले, ही काय नवी कटकट, एक अर्ज करू या. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की अर्ज काही झाला नाही. माझी मुलगी झाली ती त्या आवाजातच. पहिले काही दिवस टोल पडला की दचकायची, मग सरावली.

बाबा सरावले नाहीत. टोल पडला की ते उठून उभे राहत. पेपर वाचत असले तर पेपर खाली ठेवून, जेवत असले तर हातातला घास ताटात ठेवून. आई म्हणायची, "अहो बसा, जेवा. शाळा संपली आता तुमची." ते बसत नसत. खरकटा हात तसाच धरून, मान खाली घालून, ओढ्याकडे तोंड करून उभे राहायचे. इमारती पुऱ्या होईपर्यंत हे चाललं, आणि मी जेव्हा जेव्हा माहेरी गेले तेव्हा तेव्हा पाहिलं. पलीकडे गाडी बोळातून जाईपर्यंत ताटातलं अन्न निवत असे. मग दोन टोल पडायचे, वस्तीतली पोरं बाहेर यायची, आणि बाबा खाली बसायचे.